गच्चीवरचे टॉवर: एका भीतीचा इतिहास

मुंबईतल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या ताळेबंदात या शतकाच्या पहिल्या दशकात उत्पन्नाची एक नवी बाब दिसू लागली: गच्चीवरच्या मोबाइल टॉवरचे भाडे. गळकी गच्ची, जुनी लिफ्ट, रखडलेले रंगकाम यांसाठी सभासदांकडून वर्गणी काढणाऱ्या कमिट्यांना या भाड्याचा मोठाच आधार वाटला. मात्र गच्चीवर उभा केलेला अँटेना आपल्या लहरी पायाखाली सोडत नाही. त्या समोर, जवळजवळ आडव्या जातात. त्यामुळे भाडे एका इमारतीच्या खात्यात जमा होत होते आणि अँटेनाचे तोंड होते रस्त्यापलीकडच्या इमारतीच्या खिडक्यांकडे. त्या खिडक्यांमागच्या माणसांना कुणी विचारले नव्हते, काय बसवले जात आहे हे सांगितलेही नव्हते. पुढे दहा-बारा वर्षे मुंबईत आणि देशभर मोबाइलच्या ‘रेडिएशन’वरून जो वाद पेटला, त्याचे मूळ या साध्या व्यवहारात आहे, असे माझे मत आहे. वाद झाला तो कर्करोगाच्या भाषेत. पुरावा तपासला तर कर्करोगाची भीती फारशी टिकत नाही. पण म्हणून ती बाळगणाऱ्यांना अडाणी ठरवणे हा त्यांच्यावर अन्याय आहे, आणि इतिहासावरही. त्यांची खरी तक्रार संमतीची आणि विश्वासाची होती. ती ऐकून घेणारी जागा व्यवस्थेत नव्हती, म्हणून ती आजाराच्या भाषेत बोलू लागली.

भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. कोलकात्याहून मुख्यमंत्री ज्योती बसू दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी बोलले. तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता आणि आलेल्या कॉलचेही पैसे पडत. २००३ मध्ये येणारे कॉल मोफत झाले, दर कोसळले आणि भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सर्वांच्या हातात फोन आला. २०१५च्या सुमारास देशातली दूरध्वनी जोडण्यांची संख्या शंभर कोटींवर गेली. मोबाइलची यंत्रणा अशी आहे की ग्राहक वाढले की टॉवरही वाढवावेच लागतात. शहराचे छोटे छोटे भाग पाडायचे, प्रत्येक भागात एक केंद्र ठेवायचे आणि त्याच मोजक्या लहरी थोड्या अंतरावर पुन्हा वापरायच्या, हे तिचे तत्त्व. वस्ती जितकी दाट तितके भाग लहान आणि केंद्रे जवळजवळ. मुंबईसारख्या शहरात मोकळी जमीन कुठे आहे? म्हणून केंद्रे गच्च्यांवर चढली, माणसांच्या झोपायच्या खोल्यांच्या उंचीवर आली. परवाना दिल्लीचा, जागा खासगी सोसायटीची आणि बांधकामाची परवानगी महापालिकेची, अशा तीन तोंडांच्या कारभारात मुंबईतले कितीतरी टॉवर महापालिकेच्या परवानगीशिवायच उभे राहिले. शेजाऱ्याचे स्थान या तिन्हींपैकी एकाही कागदावर नव्हते.

अशा वेळी ‘रेडिएशन’ हा शब्द कानावर आला, आणि मराठीत त्याचे काय झाले हे नीट पाहायला हवे. मराठी विश्वकोशाने दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत. तरंगरूपाने पसरणारी ऊर्जा म्हणजे प्रारण. अस्थिर अणुकेंद्र फुटताना होणारे उत्सर्जन म्हणजे किरणोत्सर्ग. चुलीची धग, ट्यूबलाइटचा उजेड, आकाशवाणीच्या लहरी हे सारे प्रारणच. परंतु वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत मोबाइलसाठीही ‘किरणोत्सर्ग’ हाच शब्द रूढ झाला, आणि त्या शब्दाच्या पाठीवर हिरोशिमा आणि चेर्नोबिल होते. या दोन गोष्टींतले अंतर अफाट आहे. अणू-रेणूंतून इलेक्ट्रॉन उखडून टाकायला साधारण दहा इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. मोबाइलच्या नऊशे मेगाहर्ट्झ लहरीच्या एका कणाची ऊर्जा एका इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या दहा लाखाव्या भागाच्या जेमतेम चौपट भरते. म्हणजे पंचवीस लाखांहून अधिक पटींनी कमी. अशा लहरींचे तुकडे कितीही जमवले तरी ते क्ष-किरणांसारखे जनुकांचे धागे तोडत नाहीत. त्यांचा निश्चितपणे सिद्ध झालेला परिणाम एकच, तो म्हणजे उष्णता. आणि सुरक्षिततेच्या मर्यादा ती उष्णता शरीराला जाणवण्याच्या कितीतरी खाली ठेवलेल्या आहेत.

तरीही त्या शब्दाने लोक दचकले यात नवल नव्हते, कारण महाराष्ट्राला त्याची आठवण होती. चेर्नोबिलच्या अपघातानंतर मुंबईच्या दूध योजनेसाठी आयर्लंडहून आलेल्या लोण्यात किरणोत्सर्गी अंश असल्याच्या शंकेवरून इथले नागरिक उच्च न्यायालयात गेले होते. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तज्ज्ञांचे मत घेऊन ते लोणी खाण्यास अपायकारक नसल्याचे मान्य केले. एप्रिल २०१०मध्ये दिल्लीच्या मायापुरीतल्या भंगारबाजारात विद्यापीठाने विकलेल्या उपकरणातला कोबाल्ट-६० उघडा पडला आणि एका कामगाराचा जीव गेला. मार्च २०११मध्ये जपानमध्ये फुकुशिमा घडले. पुढच्याच महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यात जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात एकाचा बळी गेला. आणि त्यानंतर दीड महिन्यातच, ३१ मे २०११ रोजी, फ्रान्समधल्या लिऑन इथल्या कर्करोग संशोधन संस्थेकडून मोबाइल लहरी ‘कदाचित कर्करोगकारक’ असल्याची बातमी आली. वर्ष-सव्वा वर्षाच्या वर्तमानपत्रांत, एकाच शब्दाखाली हे सारे वाचणाऱ्या माणसाने गच्चीवरच्या अँटेनाकडे संशयाने पाहिले, तर दोष त्याच्या समजुतीत शोधण्याआधी आपण दिलेल्या भाषेत शोधायला हवा.

लहरींची भीती मोबाइलपेक्षा जुनी आहे, आणि तिच्या इतिहासात संमतीचा प्रश्न पुन्हा पुन्हा डोके वर काढतो. १९५३ पासून पुढे दोन दशकांहून अधिक काळ सोव्हिएत यंत्रणा मॉस्कोतल्या अमेरिकी दूतावासावर सूक्ष्मलहरींचा झोत सोडत होती. अमेरिकी सरकारला हे ठाऊक होते. इमारतीत काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना मात्र कित्येक वर्षे सांगितले गेले नाही. १९७६ मध्ये प्रकरण बाहेर आले आणि संताप उसळला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या अब्राहम लिलिएनफेल्ड यांनी केलेल्या आणि १९७८ मध्ये पूर्ण झालेल्या पाहणीत त्या झोतामुळे आजार झाल्याचे आढळले नाही. तरी ते प्रकरण विस्मरणात गेले नाही, कारण लोकांच्या मनाला लागली होती ती लपवाछपवी. १९९३ मध्ये फ्लोरिडातल्या एका माणसाने अमेरिकेतल्या लॅरी किंग यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात येऊन आपल्या पत्नीच्या मेंदूतल्या गाठीला मोबाइल कारणीभूत असल्याचा आरोप केला. फोन कंपन्यांचे समभाग घसरले, पण १९९५ मध्ये पुराव्याअभावी न्यायालयाने दावा फेटाळला. ब्रिटनमध्ये सरकारने सर विल्यम स्टुअर्ट यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञगट नेमला. २००० सालच्या त्याच्या अहवालाने सांगितले की टॉवरजवळ राहणाऱ्यांच्या प्रकृतीला सर्वसाधारण धोका दिसत नाही. पण त्याच अहवालाने आणखी एक गोष्ट नोंदवली: न विचारता शेजारी टॉवर उभा राहिल्याने काही लोकांच्या स्वास्थ्यावर अप्रत्यक्ष वाईट परिणाम होऊ शकतो. तेव्हा तिथे पंधरा मीटरपर्यंतच्या टॉवरला नियोजनाची पूर्ण परवानगी लागत नसे. ती सवलत काढून घ्यावी, अशी शिफारस त्याने केली. लहरींविषयीचा आणि माणसांविषयीचा असे दोन प्रश्न वेगळे करून दोन्हींना उत्तर देणारा हा दस्तऐवज आहे. आपल्याकडे तसे कुणी केले नाही.

आपल्याकडे वाद पेटला तो २०१०च्या सुमारास. आयआयटी मुंबईत अँटेनाशास्त्र शिकवणारे प्रा. गिरीश कुमार यांनी त्या वर्षाअखेर दूरसंचार विभागाला अहवाल दिला; भारताने स्वीकारलेली मर्यादा फार सैल आहे आणि अँटेनाच्या थेट समोर राहणाऱ्यांना मोठा धोका आहे, असा त्याचा रोख होता. मलबार हिलवर राहणाऱ्या अभिनेत्री जुही चावला यांनी घरासमोरच्या सह्याद्री अतिथिगृहावरच्या अँटेनांविरुद्ध आवाज उठवला. दक्षिण मुंबईतल्या एका उंच इमारतीत अँटेनांसमोरच्या मजल्यांवर कर्करोगाचे काही रुग्ण निघाल्याच्या बातम्या छापून आल्या. याच महिन्यांत, नोव्हेंबर २०१०मध्ये, टू-जी परवान्यांवरचा महालेखापालांचा अहवाल आला आणि दूरसंचारमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले. ही तारीख महत्त्वाची आहे. लहरी विकून महसूल मिळवणारा विभाग आणि त्या लहरी सुरक्षित असल्याची हमी देणारा विभाग एकच होता. मर्यादा पाळल्याचे प्रमाणपत्र कंपन्यांनी स्वतःच द्यायचे आणि विभागाने त्यातली काही केंद्रे तपासायची, अशी पद्धत होती. ज्या खात्यावर संगनमताचे आरोप दररोज पहिल्या पानावर छापले जात होते, त्याच खात्याच्या शब्दावर विश्वास ठेवा असे शेजाऱ्याला सांगितले जात होते.

सरकारने उत्तर दिले, पण ते न विचारलेल्या प्रश्नाचे होते. आंतर-मंत्रालयीन समितीने २०११च्या जानेवारीत अहवाल दिला आणि १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली गेली. नऊशे मेगाहर्ट्झला चौरस मीटरमागे ४.५ वॉट होती, ती ०.४५ झाली. फोनच्या शोषणाची मर्यादाही किलोमागे १.६ वॉट अशी कडक झाली. मूळ आंतरराष्ट्रीय मर्यादेतच परिणाम दिसू लागतो त्या पातळीच्या पन्नास पट खाली जाण्याची सोय होती. आता ती पाचशे पट झाली. आधीच्या मर्यादेने कुणाला इजा होत होती, असा पुरावा या बदलामागे नव्हता. खबरदारी एवढेच कारण होते. सामान्य माणसाने यातून काय अर्थ काढायचा? मर्यादा दहा पटींनी उतरवली म्हणजे आजवर आपल्याला दहा पट धोक्यात ठेवले होते, असाच. पेटर वीडेमन आणि होल्गर शुट्झ या जर्मन अभ्यासकांनी २००५ मध्ये प्रयोगांतून दाखवले होते की खबरदारीच्या उपायांची माहिती दिल्यावर लोकांची चिंता कमी होण्याऐवजी वाढते. मुंबई महापालिकेच्या २०१३च्या धोरणाने शाळा आणि रुग्णालयांच्या इमारतींवर अँटेना नकोत असे ठरवले. त्याच काळात निवासी इमारतींसाठी सभासदांच्या, विशेषतः सर्वांत वरच्या मजल्यावरच्यांच्या, संमतीची अटही पुढे आली. संमतीचा विषय अखेर कागदावर आला, पण तो त्याच इमारतीपुरता. वरच्या मजल्याच्या डोक्यावर अँटेना असला तरी लहरी मुख्यतः समोर जातात. त्या समोरच्या खिडकीला याही कागदावर जागा मिळाली नाही.

आता पुराव्याकडे वळू. तेरा देशांतल्या इंटरफोन अभ्यासाचे निष्कर्ष मे २०१०मध्ये आले. एकूण पाहता मोबाइल वापरणाऱ्यांत मेंदूच्या गाठींचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. आयुष्यात १,६४० तासांहून अधिक बोललेल्यांच्या गटात ग्लायोमा या गाठीचे प्रमाण सुमारे चाळीस टक्के जास्त दिसले. पण त्याच गटात दिवसाला बारा तासांहून अधिक बोलल्याचे सांगणारेही होते, आणि नियमित वापर करणाऱ्यांना मोबाइलमुळे गाठींपासून संरक्षण मिळते, असा न पटणारा निष्कर्षही त्याच आकड्यांतून निघत होता. आजारी माणूस आपल्या आजाराचे कारण शोधताना जुना वापर वाढवून आठवतो. स्मरणावर उभ्या अभ्यासाचे हे दुखणे आहे. स्मरणाऐवजी ग्राहकांच्या नोंदी वापरणाऱ्या, चार लाखांहून अधिक लोकांच्या डॅनिश पाहणीत वाढ आढळली नाही. लिऑनच्या संस्थेने २०११ मध्ये ‘२ब’ गट दिला तो इंटरफोनसारख्या मर्यादित पुराव्यावर. हा गट धोका किती मोठा हे सांगत नाही. शंका पूर्ण फेटाळता येत नाही, एवढेच सांगतो. आशियातल्या पारंपरिक पद्धतीच्या लोणच्याच्या भाज्या त्याच गटात आहेत. २०१८ मध्ये अमेरिकेच्या सरकारी प्रयोगात दिवसाला नऊ तास, दोन वर्षे लहरी झेललेल्या नर उंदरांच्या हृदयात गाठी आढळल्या; मादी उंदरांत तसे स्पष्ट दिसले नाही, आणि लहरी झेललेले नर उंदीर न झेललेल्यांपेक्षा जास्त जगले. मुलांचा प्रश्न सर्वांत जिव्हाळ्याचा, म्हणून भारतासह चौदा देशांत दहा ते चोवीस वयोगटाचा खास अभ्यास झाला. २०२१ अखेर आलेल्या त्याच्या निष्कर्षांत मोबाइल आणि मेंदूच्या गाठी यांचा कार्यकारणसंबंध दिसला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेला, १९९४ ते २०२२ या काळातल्या ६३ अभ्यासांचा आढावा २०२४ मध्ये आला. त्यानेही संबंध आढळत नाही असेच सांगितले.

यावर पहिला आक्षेप तंबाखूचा घेतला जातो. सिगारेट कंपन्यांनीही दशकानुदशके ‘पुरावा नाही’ असेच म्हटले नव्हते का? म्हटले होते, आणि म्हणून कंपन्यांच्या शब्दावर न जाता रुग्णांच्या आकड्यांकडे पाहायला हवे. धूम्रपान करणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण दहा ते वीस पट आढळत होते. १९५० मध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांना ते काही शे रुग्णांत दिसले होते, आणि सिगारेटचा खप वाढला तशी काही दशकांच्या अंतराने मृत्यूंची रेषाही वर चढली होती. मोबाइलची गोष्ट उलट आहे. तीस वर्षांत जवळजवळ सारी मानवजात या लहरींच्या सान्निध्यात आली, पण नॉर्डिक देश किंवा ऑस्ट्रेलियासारख्या जुन्या, चोख नोंदी असलेल्या ठिकाणी मेंदूच्या गाठींच्या रेषेत मोबाइलच्या प्रसाराशी जुळणारी उसळी दिसलेली नाही. फार लहान धोका किंवा पन्नास वर्षांनी उगवणारा धोका कोणत्याच अभ्यासाने शंभर टक्के पुसून टाकता येत नाही. पण तंबाखूएवढा धोका असता तर तो एव्हाना लपून राहिला नसता. इमारतीतल्या रुग्णांच्या गणतीविषयीही हेच. भारतात साधारण नऊपैकी एका माणसाला आयुष्यात कर्करोग होण्याची शक्यता असते, असा राष्ट्रीय नोंदणीचा अंदाज आहे. शंभर माणसांच्या इमारतीत आयुष्यभरात दहा-अकरा जणांना तो होणे हे दुःख आहे, पण ते टॉवर नसलेल्या इमारतीतही होते. टॉवर डोळ्यांसमोर असला की मोजदाद तिथूनच सुरू होते, आणि टॉवर नसलेल्या इमारतीत मोजायला कुणी जात नाही.

दुसरा आक्षेप अधिक भारदस्त आहे: शंका असेल तर टॉवर हटवायला काय हरकत आहे? खबरदारीने तोटा काय? तोटा असा की टॉवर हटवला म्हणजे लहरी हटत नाहीत. फोनला केंद्र दूर पडले की तो आपली ताकद वाढवतो, आणि तो असतो थेट कानाला लावलेला. लहरींची तीव्रता अंतराच्या वर्गाने घटते. शेकडो फुटांवरच्या अँटेनापेक्षा कानाजवळच्या फोनचा वाटा डोक्याला मिळणाऱ्या लहरींत कित्येक पटींनी मोठा असतो. नोव्हेंबर २०१२ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने शाळा आणि रुग्णालयांजवळचे टॉवर काढायला सांगितले. त्या शाळेतले शिक्षक आणि रुग्णालयातल्या परिचारिका फोन वापरत राहणार असतील, तर त्यांच्या फोनला दूरच्या केंद्राशी अधिक जोर लावून बोलावे लागणार होते. खऱ्या खबरदारीचा रस्ता वेगळा आहे: बोलताना इअरफोन, क्षीण सिग्नलमध्ये लांबलचक गप्पा टाळणे, आणि वाहन चालवताना फोन बाजूला. यातल्या शेवटच्या सवयीने जेवढे जीव वाचतील, तेवढे कोणत्याही टॉवरबंदीने वाचणार नाहीत.

चिमण्यांचा विषय मराठी मनाला सर्वांत हळवा करणारा. पर्यावरण मंत्रालयाने मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे तत्कालीन संचालक असद रहमानी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि तिने २०११ मध्ये ९१९ अभ्यासांपैकी ५९३ मध्ये काही ना काही परिणाम नोंदल्याचे सांगितले. पण त्या अभ्यासांत प्रयोगशाळेतली अंडी, मधमाश्या, उंदीर असे नाना प्रकार आणि नाना तीव्रता एकत्र होत्या. ब्रिटनमध्ये चिमण्यांची घट १९७०च्या दशकाच्या अखेरीस, मोबाइल येण्याआधी, सुरू झाली. आणि २०२०च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालानुसार भारतात चिमण्यांची एकूण संख्या पंचवीसेक वर्षांत साधारण स्थिर आहे. घट आहे ती मोठ्या शहरांत. काचेच्या सपाट इमारती, वळचणीचा अभाव, पिलांना लागणाऱ्या किड्यांची टंचाई ही कारणे समोर असताना टॉवरला आरोपी करणे चिमणीच्याही हिताचे नाही. टॉवर दोषी ठरला की घराला कोनाडा ठेवण्याची आपली जबाबदारी संपते.

तिसरा आक्षेप दुखण्याचा आहे, आणि त्याला मी सर्वांत जपून उत्तर देईन. टॉवर आल्यापासून झोप उडाली, डोके दुखते, छातीत धडधडते, असे सांगणारी माणसे खोटे बोलत नव्हती. जेम्स रुबिन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये अशा ७२५ लोकांवरच्या ३१ प्रयोगांचा आढावा घेतला. लहरी चालू आहेत की बंद हे न कळू देता विचारले तेव्हा या लोकांना त्या ओळखता येत नव्हत्या. पण लहरी चालू आहेत असे वाटताच त्रास होत होता, मग त्या प्रत्यक्षात बंद असोत. म्हणजे त्रास खरा आणि त्याचे कारण लहरीत नसून भीतीत. आणि ही भीती जन्मली कुठे? ज्या टॉवरविषयी आपल्याला विचारलेले नाही, ज्याचे मोजमाप आपल्याला दाखवलेले नाही, जो हटवण्याची सत्ता आपल्या हाती नाही, त्याच्यासमोर रोज झोपण्यात. स्टुअर्ट यांच्या अहवालातला ‘अप्रत्यक्ष वाईट परिणाम’ तो हाच.

न्यायालयांचा इतिहास पाहिला की तक्रारीने आजाराची भाषा का उचलली ते उमगते. ‘मला विचारले नाही’ म्हणणाऱ्या शेजाऱ्याला भारतीय कायद्यात फारसा आधार नाही. ‘माझ्या जिवाला धोका आहे’ म्हणणाऱ्याला संविधानाच्या एकविसाव्या कलमाचा आहे. एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्वाल्हेरमधल्या एका कर्करोगग्रस्त घरकामगाराच्या अर्जावर शेजारचा टॉवर बंद करायला लावला. पुढच्याच महिन्यात सरकारने ‘तरंग संचार’ हे संकेतस्थळ आणले. आपल्या भागातला टॉवर नियमात आहे का हे तिथे पाहता येते, आणि मोजणी करून हवी असेल तर चार हजार रुपये भरावे लागतात. पाऊल योग्य दिशेचे होते. उलट दिशेची पावलेही पडत होती. २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार अर्जावर साठ दिवसांत निर्णय झाला नाही तर परवानगी मिळाली असे धरले जाऊ लागले. २०२२ च्या दुरुस्तीनंतर खासगी इमारतीवर टॉवर उभारायला स्थानिक प्राधिकरणाची परवानगीही लागेनाशी झाली, इमारतीच्या बळकटीच्या दाखल्यासह नुसती सूचना पुरू लागली. मालक आणि कंपनी यांच्या करारात समोरची खिडकी पुन्हा बाहेरच राहिली.

म्हणून भीती विझली नाही, नुसती दबली, आणि संधी मिळताच पुन्हा पेटली. एप्रिल २०२०मध्ये ब्रिटनमध्ये फाइव्ह-जीमुळे कोविड पसरतो या अफवेने टॉवर जाळले गेले. मे २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेच्या सरणांसमोर हीच अफवा उत्तर भारतात फिरली आणि देशात अजून फाइव्ह-जीच्या चाचण्याच सुरू नाहीत, हे दूरसंचार विभागाला जाहीर सांगावे लागले. त्या जूनमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने जुही चावला यांचा फाइव्ह-जीविरोधी दावा फेटाळून वीस लाखांचा खर्च लावला. पुढच्या वर्षी तो दोन लाखांवर आणला गेला. ज्या लहरींना ‘नव्या’ म्हणून लोक घाबरत होते, तशा मिलिमीटर लहरी जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कोलकात्यात निर्माण करून लोकांसमोर घंटा वाजवून दाखवली होती. हे कुणी समजावून सांगितले असते तर फरक पडला असता. पण समजावणाऱ्यावर आधी विश्वास असावा लागतो, आणि तो आधीच्या दशकात कमावला गेला नव्हता.

या इतिहासातून शिकायचे असेल तर उपाय साधे आहेत. मर्यादा ठरवणारी आणि मोजणारी संस्था लहरी विकणाऱ्या खात्यापासून वेगळी असावी. मोजणी चार हजार रुपयांची नव्हे, पाण्याच्या तपासणीसारखी फुकट आणि वॉर्डनिहाय असावी. टॉवर उभारण्याआधी समोरच्या आणि बाजूच्या इमारतींना नोटीस मिळावी आणि त्यांच्या हरकतीला लेखी उत्तर मिळावे, कारण हरकत घेण्यासाठी माणसाला कर्करोग व्हावा लागू नये. आणि मराठी वर्तमानपत्रांनी प्रारणाला प्रारण म्हणावे, किरणोत्सर्ग हा शब्द जैतापूर आणि तारापूरच्या अणुप्रकल्पांसाठी राखावा. रस्त्यापलीकडच्या खिडकीतल्या माणसाने २०१०च्या सुमारास विचारलेला प्रश्न अजून तसाच उभा आहे. समोरच्या गच्चीवरून आपल्या घरात किती लहरी येतात हे त्याला आकड्यांत कळले आणि त्या येण्याआधी त्याला विचारले गेले, तर तो आकडा मर्यादेच्या किती खाली आहे हे तो स्वतः वाचेल, आणि बहुधा खिडकी उघडी ठेवेल.